चिपळ्या, टिपऱ्या आणि काष्ठतरंग: लाकूड मोकळं ठेवलं तर वाजतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे धागा सुटणार नाही. घराच्या गॅलरीत तुमचं एक टेबल आहे, त्यावर व्हाइस, हातकरवत, ड्रिल मशीन आणि दोन-तीन पटाश्या. मुलीच्या शाळेतल्या आषाढी दिंडीसाठी तुम्ही पॅकिंगच्या पाइनवुडच्या चिपळ्या केल्या. दिसायला सुबक झाल्या, पण आवाज ‘टक्’ न येता ‘थप्प’ येतो. आता टिपऱ्या करायच्या आहेत आणि जमलं तर सा पासून वरच्या सा पर्यंत वाजणाऱ्या लाकडी पट्ट्या, म्हणजे छोटा काष्ठतरंग. लाकूड कोणतं घ्यावं, पट्ट्या सुरात कशा आणाव्यात आणि शेवटी पॉलिश काय लावावं, हे तुम्ही विचारलंय.

लाकडाकडे वळण्याआधी एक प्रयोग करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरात दांडियाची जोडी असेल तर एक टिपरी मधोमध मुठीत घट्ट धरा आणि दुसरीने तिच्यावर मारा. बसका आवाज येईल. आता तीच टिपरी एका टोकापासून साधारण पाव लांबीच्या किंचित अलीकडे, अंगठा आणि तर्जनी यांच्यात सैल लोंबती धरा आणि मधोमध मारा. तीच टिपरी, तेच लाकूड, पण आता ती खणखणीत बोलते. ठोका बसला की लाकडाची सळई धनुष्यासारखी वर-खाली वाकते. तिचा मधला भाग आणि दोन्ही टोकं सर्वांत जास्त हलतात, पण प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर एकेक जागा अशी असते जी जवळजवळ स्थिर राहते. तिथे धरलं तर लाकूड मोकळेपणी थरथरतं, बाकी कुठेही दाबून धरलं तर गप्प होतं. ३६ सेंटिमीटरच्या टिपरीत ही जागा टोकापासून ८ सेंटिमीटरवर येते. घरी वाद्यं करणारे बहुतेक जण सगळा वेळ लाकूड आणि पॉलिश यांवर घालवतात आणि मग वाद्य खिळ्यांनी, गोंदाने किंवा तळहाताने दाबून टाकतात. माझ्या मते निम्मं वाद्य लाकडात असतं आणि निम्मं ते कुठे आणि किती सैल धरलंय यात.

आता लाकूड. पाइनवुड चिपळ्यांना चालत नाही, कारण ते मऊ असतं. दोन फाळ्या एकमेकींवर आपटल्या की पृष्ठभाग किंचित दबतो आणि ठोक्याची धार तिथेच मरते. त्यात पॅकिंगचं लाकूड बहुधा ओलसर असतं. प्लायवूड आणि एमडीएफचा तर विचारच करू नका. थर आणि गोंद आवाज खातात, शिवाय कापताना उडणारी धूळ घशाला वाईट. चिपळ्यांना जड, कठीण, घट्ट रेषांचं लाकूड हवं: शिसव, खैर, बाभूळ. राजस्थानातले लंगा आणि मांगणियार वादक ज्या खडताल वाजवतात त्यांत ना झांज असते ना घुंगरू, शिसमाच्या नुसत्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन. तरीही त्यांचा ठोका कसा कडक वाजतो ते ऐकलंत तर कठीण लाकडाचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

वखारीत गेलात तर एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या सह्याद्रीतला काळपट जांभळा शिसव वेगळा आणि उत्तरेकडून येणारा तपकिरी शिसम वेगळा. दोन्ही एकाच गोतातले आणि दोन्ही वाजतात, पण शिसव जास्त घुमतो आणि महागही असतो. चिपळ्यांसाठी अख्खी फळी घेऊ नका. फर्निचरवाल्यांकडे वीतभर लांबीचे तुकडे पडलेले असतात, तेवढे पुरतात. काष्ठतरंगासाठीही शिसव उत्तमच. जगभरातले मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं, काष्ठतरंगासारखंच वाद्य) करणारे होंडुरासचं रोझवुड मागतात, तो आपल्या शिसवाचाच भाऊबंद, आणि ते न मिळाल्यास आफ्रिकेतलं पडौक घेतात, जे आपल्या बिबळ्याच्या नात्यातलं. बिबळ्याची खोडं आपल्याकडे ढोलकी-तबल्याला जुन्या काळापासून वापरतात, त्यामुळे कुठे जुना बिबळा मिळाला तर सोडू नका.

पण पहिल्या काष्ठतरंगासाठी मी तुम्हाला सागवानच सुचवेन, तेही जुनं. पुण्यात वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया, चौकटी आणि कडीपाट भंगारात येतात. जुन्या बाजारात आणि जुनं लाकूड विकणाऱ्या वखारींत असं सागवान सहज मिळतं. कित्येक दशकं छपराखाली राहिलेलं लाकूड जितकं वाळलेलं असतं तितकं नवं लाकूड आपल्याला घरी वाळवून मिळत नाही. फक्त रंधा किंवा करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्या, आत मोडलेले खिळे असतात. नवं लाकूड घेतलंत तर ढोबळ हिशोब असा की दर इंच जाडीला सावलीत एक वर्ष. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. तुकड्याचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ते उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरातल्या हवेशी जुळलं.

वखारीत लाकूड निवडताना डोळ्यापेक्षा कानावर भरवसा ठेवा. हातभर लांबीची रीप उचला, टोकापासून पाव लांबीच्या जरा अलीकडे दोन बोटांत सैल धरा, कानाजवळ न्या आणि बोटाच्या पेराने मधोमध ठोका. चांगली रीप ठोक्यानंतरही क्षणभर बोलत राहते. वाईट रीप ठोक्याबरोबरच संपते. आतून तडा गेलेली रीप फाटल्यासारखी कर्कश वाजते, मग बाहेरून ती कितीही गुळगुळीत असो. एकाच ढिगातल्या, एकाच भावाच्या दोन रिपांमध्ये एवढा फरक निघतो की वखारवालाही वाकून ऐकायला लागतो. रेषा लांबीच्या दिशेने सरळ हव्यात, गाठ नको, आणि कडेची फिकट साल-लाकडाची पट्टी नको. गाभ्याचं घ्या.

आता चिपळ्या. एक चिपळी साधारण १५ सेंटिमीटर लांब, मध्ये ४ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड धरा. टोकांकडे ती निमुळती होत अडीच सेंटिमीटर रुंदीवर येते, म्हणजे झांजांच्या कडा बाहेर डोकावतात. सगळ्यात महत्त्वाचा क्रम हा: आधी खाचा आणि भोकं, मग आकार. चौकोनी ठोकळा व्हाइसमध्ये सरळ बसतो, ड्रिल सरळ जातं. एकदा पाठ गोल केली की तो धरायलाच जागा राहत नाही. शक्य असेल तर दोन्ही चिपळ्या एकाच ४० सेंटिमीटरच्या तुकड्यात आखा आणि सगळ्यात शेवटी वेगळ्या करा.

टोकापासून १ सेंटिमीटर आत साडेतीन सेंटिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर उंच अशी आरपार खाच आखा. त्या रेषेवर ८ मिलिमीटरच्या बिटने ओळीने भोकं पाडा, निम्मी एका बाजूने आणि निम्मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे मागच्या बाजूला छिलपं उडत नाहीत. मग पटाशीने मधले भाग काढा आणि चपट्या कानशीने भिंती साफ करा. प्रत्येक खाचेत साधारण २८ मिलिमीटर व्यासाच्या दोन पितळी झांजा, एकमेकींकडे तोंड करून. त्यांतून जाणारी पितळी सळई ३ मिलिमीटरची असेल तर झांजेचं भोक ५ मिलिमीटरचं हवं. हा दोन मिलिमीटरचा ढिलेपणा म्हणजेच झांजेचा आवाज. बाजारातल्या स्वस्त चिपळ्यांत पत्र्याच्या चकत्या खिळ्यावर गच्च बसवलेल्या असतात, म्हणून त्या खुळखुळतात पण झणझणत नाहीत. पितळी सळई, पट्टी, स्क्रू पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात. झांजा वाद्यांच्या दुकानातून तयारच घ्या, घरी पितळ ठोकत बसण्यात वेळ घालवू नका.

आता तुमच्या ‘थप्प’ आवाजाचं दुसरं कारण. तुम्ही आतले दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट केले असणार. दोन सपाट फाळ्या एकमेकींवर आल्या की मधली हवा एकदम दबते आणि टाळीसारखा बसका आवाज येतो. आतली बाजू आधी काचेच्या तुकड्यावर सँडपेपर ठेवून सपाट करा, आणि मग दोन्ही टोकांकडे हलक्या हाताने रंधा मारून ती अर्धा मिलिमीटर उतरती करा. दोन्ही चिपळ्या जुळवून खिडकीकडे धरा. मध्ये अंधार आणि टोकांना उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. मग त्या मध्यावर भेटतात आणि ठोका स्वच्छ निघतो. १५ सेंटिमीटरच्या जाड तुकड्याचा स्वतःचा स्वर इतका उंच असतो की तो स्वर म्हणून कानाला कळतच नाही, त्यामुळे चिपळीत सूर शोधू नका. तिथे फक्त लाकडाचा कठीणपणा आणि भेटीची जागा मोजायची.

पाठीवर एका चिपळीला अंगठ्यासाठी आणि दुसरीला बोटांसाठी कडी लागते. एक सेंटिमीटर रुंद पितळी पट्टी वाकवून दोन स्क्रूंनी बसवली की काम झालं. शिसवात स्क्रू थेट फिरवलात तर लाकूड तडकेल किंवा पितळी स्क्रूचं डोकं तुटेल. आधी बारीक भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, आणि मग पितळी स्क्रूला मेण चोळून बसवा. कडी बोटाला किंचित सैल ठेवा. कीर्तनकाराचा हात नीट पाहिलात तर दिसेल की चिपळ्या त्याच्या बोटांवर टांगलेल्या असतात, तळहाताने दाबलेल्या नसतात. तोच मोकळेपणा. मुलीसाठी करताय तर तिच्याच बोटाचं माप घ्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर घुंगरू लावू नका, ते निघून तोंडात जातात.

टिपऱ्यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ३६ सेंटिमीटर लांब, दोन ते अडीच सेंटिमीटर जाड, दोन्ही एकाच फळीतून आणि काट्यावर जवळपास सारख्या वजनाच्या. गोफाच्या नाचाला हलक्या बऱ्या, कारण मुलं बराच वेळ हात वर धरून असतात, तिथे आंबा किंवा सागवान चालतं. रंगीत कापड आणि टिकल्या लावायच्याच असतील तर फक्त मुठीकडच्या भागावर. मधल्या भागावर कापड चढवलं की टिपरी मुकी होते.

काष्ठतरंगावर मात्र सावकाश बोलू या. सव्वादोन मीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर जाड अशी एकच रीप घ्या आणि आठही पट्ट्या तिच्यातूनच कापा. लाकडाचा ताठपणा आणि वजन तुकड्यागणिक बदलतं, त्यामुळे वेगवेगळ्या रिपांत हिशोब जुळत नाही. जाडी तर फारच जपा. पट्टीचा स्वर जाडीच्या सरळ प्रमाणात चढतो. १५ मिलिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झाला तर स्वर निम्म्या अर्धस्वराहूनही जास्त सरकतो. घरच्या हातरंध्याने एवढी एकसारखी जाडी काढणं कठीण, म्हणून जवळच्या सुताराच्या मशीनवर अख्खी रीप एका जाडीत काढून आणा. रुंदीचा स्वराशी संबंध नाही, ती फक्त ठोक्याला जागा देते.

लांबीचा नियम वेगळा आहे. लांबी निम्मी केली तर स्वर दुप्पट नव्हे, चौपट चढतो. त्यामुळे वरच्या सा साठी पट्टी निम्मी नाही, तर खालच्या सा च्या ०.७०७ पट करायची. खालचा सा ३० सेंटिमीटरचा धरला तर रे २८.३, ग २६.८, म २६, प २४.५, ध २३.२, नी २१.९ आणि वरचा सा २१.२ सेंटिमीटर. सागवानात ही सर्वांत लांब पट्टी साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे पेटीवरच्या पांढरी चार किंवा काळी तीनच्या जवळ, गाण्याच्या पट्टीपेक्षा बऱ्याच वरच्या सप्तकात. ते स्वाभाविक आहे, काष्ठतरंग उंच स्वरातच खुलतो.

प्रत्येक पट्टी दिलेल्या मापापेक्षा ३-४ मिलिमीटर लांब कापा, म्हणजे स्वर थोडा उतरलेला राहील. मग टोकं घासत स्वर चढवत आणा. ३० सेंटिमीटरच्या पट्टीचं एक मिलिमीटर काढलं की स्वर सुमारे ११ सेंट चढतो, आणि अर्धस्वर १०० सेंटांचा असतो, यावरून किती घासायचं त्याचा अंदाज बांधा. चुकून जास्त चढलाच तर पट्टी उलटी करा आणि खालच्या बाजूने मधोमध कानशीने थोडं लाकूड काढा, स्वर उतरतो. टोकांना घासलं की चढतो, पोटात खरवडलं की उतरतो, एवढं कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप चालेल, पण पट्ट्या पेटीबरोबर वाजवायच्या असतील तर पेटीलाच जुळवा. पेटीचा ग शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो, म्हणून ॲपवर शुद्ध स्वरांना जुळवलेली पट्टी पेटीसोबत खटकते. आणखी एक: घासल्यावर लाकूड गरम होतं. दहा मिनिटं थांबूनच स्वर मोजा.

पट्ट्या सुरात आल्यावरही त्यांच्या नादात एक किंचित परकी छटा ऐकू येईल. सरळ पट्टीचा दुसरा नाद मूळ स्वराच्या सुमारे २.७६ पट असतो. सा वाजवलात तर वरच्या सप्तकातल्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधला कुठलासा स्वर सोबत निघतो. मरिंबा करणारे पट्टीच्या पोटात कमान कोरून हा नाद बरोबर चौपटीवर, म्हणजे सा च्याच दोन सप्तकं वरच्या सा वर आणतात. ते सुंदर काम आहे, पण ते दुसऱ्या संचासाठी ठेवा. पहिल्या संचात लोकर गुंडाळलेल्या टोल्याने वाजवा, तो हा वरचा नाद बराच मवाळ करतो. ३० सेंटिमीटरचा वेताचा किंवा बांबूचा दांडा आणि टोकाला अडीच सेंटिमीटरचा लाकडी मणी, एवढा टोला पुरतो.

आता पुन्हा त्या स्थिर जागा. हिशोबाने त्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीत टोकापासून ६.७ सेंटिमीटरवर येतात, पण लाकूड पुस्तकाप्रमाणे वागेलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी पाहा. पट्टी स्पंजच्या दोन तुकड्यांवर अंदाजाने ठेवा, वर जाडसर रांगोळी किंवा मीठ भुरभुरा आणि मधोमध हळूहळू ठोकत राहा. दाणे उड्या मारत सरकतात आणि थोड्या वेळात दोन आडव्या रेषांत गोळा होतात. त्या रेषांवर पेन्सिलने खूण करा. टाल्कम पावडरसारखी अगदी बारीक पूड घेऊ नका, ती हवेबरोबर उडून भलत्याच जागी बसते. हा प्रयोग मुलीला करू द्या. लाकूड कुठे हलतं आणि कुठे हलत नाही हे एकदा असं दिसलं की कायमचं कळतं.

खुणेवर एका बाजूला ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून बारीक खिळा खालच्या दोन रिपांच्या चौकटीत ठोका, पण त्याचं डोकं पट्टीला टेकू देऊ नका. दुसऱ्या बाजूला भोक नको, पट्टीच्या दोन्ही कडांना एकेक खिळा उभा करा, म्हणजे ती सरकणार नाही. दोन्हीकडे पट्टीखाली नमद्याची (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) किंवा जुन्या लोकरी कपड्याची पट्टी ठेवा. चौकटीच्या दोन रिपा समांतर नसतात, हे आखतानाच लक्षात घ्या: मोठ्या पट्टीखाली त्यांच्यातलं अंतर १६.६ सेंटिमीटर, तर सर्वांत लहान पट्टीखाली ११.७.

आवाज आणखी हवा असेल तर प्रत्येक पट्टीखाली एका टोकाला बंद केलेली पीव्हीसी नळी उभी करा. ७४० हर्ट्झच्या सा साठी ४ सेंटिमीटर व्यासाची नळी साधारण साडेदहा सेंटिमीटर लांब लागते. मापापेक्षा थोडी लांब नळी घ्या, पट्टीखाली धरा, पट्टी वाजवत तिच्यात थोडं थोडं पाणी ओता. ज्या पातळीला आवाज एकदम भरतो तिथे खूण करा, बूच तिथे बसवा. मग पट्टी ठोकल्यावर खोली भरल्यासारखी वाटते.

पॉलिश पातळच हवं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने दोन-तीन पातळ थर द्या, बस्स. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांना जी चकाकी असते ती लाखेची, आणि लहान मूल ते तोंडात घालील या धास्तीलाही लाख बरी. पट्ट्यांवर पीयूचा (पॉलीयुरेथेन पॉलिशचा) जाड थर देऊ नका, तो वजन वाढवतो आणि घुमणं कमी करतो. चिपळ्यांच्या आतल्या बाजूला तर काहीच लावू नका. जवसाचं तेल वापरलंत तर तेल पुसलेली चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. सपाट पसरून वाळवा.

शिसवाची आणि सागाची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते. लाकडाच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. गॅलरीत घासताना एन-९५ मास्क लावा, घरात येणारं दार बंद ठेवा आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

काष्ठतरंगाचं शेवटचं जुळवणं दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, जड आणि मऊ होतं, स्वर उतरतो. जुलैत सुरात आणलेली पट्टी जानेवारीत चढलेली मिळेल. आषाढीच्या आत चिपळ्या होतील, पट्ट्यांची रीप मात्र आताच आणून घरात आडवी टाकून ठेवा आणि वजन लिहायला सुरुवात करा.